शेवटच्या ट्रॉलीचा दिवा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत पहिला विषय उसाच्या दराचा आहे. तो आम्ही सोडणार नाही. पण त्याआधी अर्धा तास आम्ही मागून घेतला आहे, तो ट्रॉलीच्या मागच्या दिव्यासाठी. काहींना हसू येईल. चळवळीच्या व्यासपीठावरून वायर, फ्यूज आणि बल्बच्या गोष्टी कसल्या, असे वाटेल. हसून घ्या, पण शेवटपर्यंत ऐका. या दिव्याचे देणे आमच्या अंगावर आहे.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचे दिवस होते. दर जाहीर केल्याशिवाय ऊस हलू द्यायचा नाही असे ठरले आणि आम्ही कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या रस्त्यात अडवल्या. संध्याकाळपर्यंत रांग लागली. भाषणे झाली, घोषणा झाल्या, भाकरी आल्या. चाळीस-पन्नास माणसे पहिल्या ट्रॅक्टरसमोर बसून होती. रांगेच्या शेपटाला काय आहे हे बघायला कुणी गेले नाही. शेवटच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. रात्री साडेदहाच्या सुमारास रात्रपाळीला निघालेला एक पोरगा मोटारसायकलवरून आला. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत त्याच्या डोळ्यांवर होता. तो सरळ ट्रॉलीत शिरला.

तो वाचला. पण उजवा पाय गुडघ्याखाली गेला. त्याच्या घरी दीड एकर ऊस होता. ज्या दरासाठी आम्ही बसलो होतो तो त्याच्याही घरी जाणार होता. आठ दिवसांनी आम्ही दवाखान्यात गेलो. त्याच्या वडिलांनी आम्हाला बसायला स्टूल दिले, चहा मागवला आणि एकच वाक्य बोलले. "भाऊ, ट्रॉल्या थांबवायला चाळीस माणसं होती, मागं कंदील धरायला एक नव्हता का?"

या प्रश्नाला उत्तर नाही. कारखान्याच्या नावाने खडे फोडता येतात, पोलिसांना दोष देता येतो, ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देता येतात. पण त्या रात्री ती ट्रॉली आम्ही थांबवली होती. तेव्हापासून आम्ही हा विषय शिकलो. आम्ही शेतकीचे पदवीधर, माती आणि पीक शिकलेली माणसे. विजेचे काम आम्हाला येत नव्हते. तालुक्याच्या बॅटरीवाल्याच्या दुकानात आम्ही बाकावर बसून शिकलो. आम्हाला जमले, तर ज्याने शेतातला पंप बसवला, स्टार्टर उघडून साफ केला, त्याला हे न जमायला काय झाले?

पुढे मांडव, मागे अमावस्या

हंगामात रस्त्याने जाणारा ट्रॅक्टर आठवा. बॉनेटवर रंगीत दिव्यांची माळ, टपावर चार फोकस, सीटमागे गाण्यांची पेटी आणि तिचा आवाज दोन गावे ऐकतील एवढा. या सगळ्याला वायर लागते, फ्यूज लागतो, कारागीर लागतो. ते सगळे केलेले असते आणि नीट केलेले असते. मागे मात्र काहीच नसते. पुढे लग्नाचा मांडव आणि मागे अमावस्या! वायर ओढायची अक्कल आपल्याकडे आहे, पैसाही थोडाफार आहे. मागून येणाऱ्या माणसाची आठवण तेवढी नाही.

आम्ही हे ट्रॅक्टरवाल्या पोरांना हिणवायला म्हणत नाही. ती आपलीच पोरे आहेत. बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला असतो, मुकादमाला उचल दिलेली असते, टोळी येते की पळते याचा घोर असतो. दिवसभर फडात ट्रॉली भरायची, रात्रभर काट्यावर नंबराला उभे राहायचे, दोन तास सीटवरच डोळा लावायचा आणि पुन्हा फडात जायचे. त्यात ती गाणी जागे राहण्यासाठी असतात हेही आम्हाला कळते. पण जागे राहून तो स्वतःला वाचवतो. मागच्याला कोण वाचवणार?

जरा हिशेब करू. मोटारसायकल ताशी ६० किलोमीटरने येते, म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर काही आहे हे डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक ते दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावरही थांबायला आणखी पंचवीसेक मीटर लागतात. झाले ५० मीटर. आता खाली पाडलेल्या हेडलाइटमध्ये, समोरून झोत येत असताना, धुळीने माखलेली फळी आणि लोंबणारी वाढी किती अंतरावरून दिसतात? तीस मीटर, फार तर चाळीस. उरलेले दहा-वीस मीटर म्हणजे त्या पोराचा पाय. तोच मागे लाल दिवा पेटलेला असेल, तर तो दोन-तीनशे मीटरवरून दिसतो. गाडीवाला आपोआप वेग कमी करतो. काही झालेच नाही असे होऊन तो घरी जातो.

कायद्याचे म्हणाल, तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत दिवे लावण्याची सक्ती आहे. मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर हवेतच. अपघात झाला की दावा न्यायाधिकरणात मागचा दिवा होता का, हा प्रश्न येतोच. त्या वेळी 'सगळेच असे चालवतात' हे उत्तर चालत नाही. पण आम्ही आज कायद्याच्या धाकाने बोलत नाही. पोलीस नाक्यावर पावती फाडतो आणि ट्रॉली पुन्हा अंधारातच पुढे जाते. पावतीने दिवा लागत नाही, वायरीने लागतो. म्हणून आता वायरीचे बोलू.

पाणी आणि वीज

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची. व्होल्ट म्हणजे उंचावरच्या टाकीचा दाब समजा. अॅम्पिअर म्हणजे पाइपातून किती पाणी वाहते ते. वायर म्हणजे पाइप. बारीक पाइपातून लांब पाणी नेले की टोकाला धार पडत नाही, तसेच बारीक वायरीचे आहे. एकच फरक लक्षात ठेवा. पाणी रानात पोचले की काम झाले. वीज मात्र बॅटरीच्या एका टोकातून निघून दिव्यातून फिरून दुसऱ्या टोकाला परत यावी लागते. परतीची वाट नसेल तर दिवा लागत नाही. या परतीच्या वाटेला आपण अर्थ म्हणतो. ट्रॉलीचे निम्मे बिघाड इथेच असतात.

मागच्या दिव्यातला नेहमीचा बल्ब दोन तारांचा असतो. ५ वॅटची तार रात्रभर जळण्यासाठी, २१ वॅटची ब्रेक दाबल्यावर पेटण्यासाठी. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा. वॅटला बाराने भागले की अॅम्पिअर मिळतात. एका ट्रॉलीचे दोन ब्रेक दिवे म्हणजे ४२ वॅट, साडेतीन अॅम्पिअर. ट्रॅक्टरचे स्वतःचे दोन आणि मागे दोन ट्रॉल्या धरल्या तर १२६ वॅट, साडेदहा अॅम्पिअर. ट्रॅक्टरच्या ब्रेकचा स्विच आणि त्याची वायर स्वतःच्या दोन दिव्यांच्या हिशेबाने बसवलेली असते. तिच्यावर तिप्पट भार टाकला की स्विच जळतो किंवा फ्यूज उडतो. मग आपण काय करतो? फ्यूजच्या जागी तांब्याची तार नाही तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावतो. हे कुणी करू नका. फ्यूज मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, वायर जळण्याआधी त्याने जळावे म्हणून. तो काढला की वायर जळते. वर वाळलेली वाढी असतात आणि शेजारी डिझेलची टाकी.

काम कसे करायचे

आधी बॅटरीचे अर्थचे टोक सोडा, ते काम संपल्यावर सर्वांत शेवटी लावा. पान्हा चुकून दोन टोकांना लागला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

ट्रॉलीला पाच वायरी लागतात. एक मागच्या लाल दिव्यांची, एक ब्रेकची, एक डाव्या इंडिकेटरची, एक उजव्याची आणि एक अर्थची. एकच ट्रॉली असेल तर दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची आणि अर्थला अडीचची वायर घ्या. दोन ट्रॉल्या असतील तर ब्रेकला अडीचची आणि अर्थला चारची. सगळ्या दिव्यांची वीज अर्थमधूनच परतते, म्हणून अर्थ सर्वांत जाड. घरातल्या दिव्याची अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर उरलेली असते, ती ओढायचा मोह होतो. ओढू नका. बॅटरीपासून ट्रॉलीच्या शेपटापर्यंत दहा मीटर धरले तर जाऊन-येऊन वीस मीटर होतात. ब्रेक दाबल्यावर त्या बारीक वायरीत दोन व्होल्ट वाटेतच जिरतात. बारा व्होल्टचा बल्ब दहा व्होल्टवर जवळजवळ निम्माच उजेड देतो. पैसे बल्बचे दिले आणि उजेड काडीचा घेतला, असे होते.

ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये सात पिनांचे सॉकेट आणि प्लग वापरा. पिनांवर आकडे कोरलेले असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. १ म्हणजे डावा इंडिकेटर. २ जादा दिव्यासाठी, ती मोकळी ठेवली तरी चालते. ३ अर्थ. ४ उजवा इंडिकेटर. ५ उजवा मागचा लाल दिवा. ६ ब्रेक. ७ डावा मागचा लाल दिवा. सगळ्या गावाने हाच क्रम पाळला तर कुणाचीही ट्रॉली कुणाच्याही ट्रॅक्टरला लागेल. ऐन हंगामात ट्रॅक्टर बदलावा लागतोच, तेव्हा याची किंमत कळते. वायरीच्या रंगावर मात्र विसंबू नका. ट्रॅक्टर जुना असेल तर आत किती जणांनी हात घातला आहे हे सांगता येत नाही. १२ व्होल्टचा एक बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. एक टोक चासीच्या घासलेल्या लोखंडाला लावा आणि दुसऱ्याने एकेक पिन तपासा. साध्या बल्बचा हा टेस्ट लॅम्प म्हणजे या कामातले कुदळ-फावडे. तो ट्रॅक्टरवर कायम ठेवा.

अर्थसाठी आपल्याकडे एक वाईट सवय आहे. वेगळी वायर न ओढता ट्रॅक्टरचा हूक आणि ट्रॉलीची दांडी यांच्या लोखंडातून वीज परत येईल असे धरायचे. नवी ट्रॉली असताना येतेही. मग हुकात माती, ग्रीस आणि गंज साचतो. खड्ड्यात दिवे लुकलुकतात. काही वेळा अर्थ पूर्ण तुटतो आणि ब्रेकची वीज दुसऱ्या दिव्यांच्या तारांतून उलटी वाट शोधते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की दोन्ही बाजू लुकलुकतात. असा भुताटकीचा प्रकार दिसला की बल्ब बदलत बसू नका, अर्थ बघा. अर्थची वेगळी वायर प्रत्येक दिव्यापर्यंत न्या आणि चासीला एका ठिकाणी रंग खरवडून, थिंबल लावून, नट-बोल्टाने आवळा.

दोन ट्रॉल्या असतील तर रिले बसवा. रिले म्हणजे छोट्या हाताने मोठे दार उघडणारा गडी. त्याला चार पाय असतात. ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीच्या धन टोकावरून फ्यूजमधून जाड वायर आणा. ८७ वरून वायर ट्रॉलीकडे न्या. ८६ ला ट्रॅक्टरच्या ब्रेक दिव्याची मूळ वायर जोडा आणि ८५ अर्थला. ब्रेक दाबला की मूळ वायरीतून फक्त रिले ओढण्यापुरती वीज जाते आणि ट्रॉल्यांचा सगळा भार थेट बॅटरीवरून येतो. स्विचला त्रास नाही. बॅटरीवरून येणाऱ्या वायरीचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. तो दहा अॅम्पिअरचा पुरतो, कारण दोन ट्रॉल्यांचे ब्रेक मिळून सात अॅम्पिअरच घेतात. लाल दिव्यांसाठी असाच दुसरा रिले बसवा.

इंडिकेटरचे तंत्र थोडे वेगळे आहे. जुना फ्लॅशर ठराविक बल्बांच्या भाराने उघडझाप करतो. भार वाढला की तो बिथरतो. एलईडी दिवे लावले तर भार कमी पडून चालतच नाही. दोन्हींवर औषध एकच. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या आणि तो किती वॅटचा आहे हे विचारून घ्या. नवे दिवे घ्यायचेच असतील तर एलईडीचे घ्या. वीज फार कमी खातात, धक्क्याने तार तुटत नाही. त्यांना धन-ऋण टोके असतात, ती उलटी जोडली तर पेटत नाहीत, एवढे ध्यानात ठेवा.

वायर ट्रॉलीखाली लोंबकळत ठेवू नका. ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटरच्या नळ्या प्रत्येकाच्या बांधावर पडून आहेत. त्यातून वायर ओवा आणि चासीला आतल्या बाजूने बांधा. ऊन, दगड, उंदीर, तिन्हींपासून बचाव होतो. अर्थची जाड वायर मावली नाही तर तिला वेगळी नळी द्या. हुकाजवळ वायरीला सैल झोल ठेवा, नाहीतर वळणावर तुटते. पण तो दोरीने वर बांधा, नाहीतर रस्त्यावर घासतो. जोड पिळून टेप गुंडाळून करू नका. थिंबल दाबून बसवा किंवा डाक द्या. सॉकेटच्या पिनांना थोडे व्हॅसलीन लावा म्हणजे गंज धरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. दिवा लावला आणि ऊस भरला की वाढी त्याच्यावर लोंबतात. दिवा पेटलेला असतो आणि कुणाला दिसत नाही. फळीवर कायम बसवलेला दिवा गव्हाणीवर ऊस उतरताना फुटतो तो वेगळाच. म्हणून ट्रॉलीच्या रुंदीची एक लाकडी फळी घ्या. तिच्या दोन टोकांना दोन दिवे, त्यांच्या शेजारी लाल रिफ्लेक्टर आणि मध्ये नंबर. तिला तीन मीटर वायर आणि प्लग, ट्रॉलीच्या शेपटाला सॉकेट. भरणी झाली की फळी उसाच्या बाहेरून दोरखंडाला टांगायची आणि प्लग लावायचा. काट्यावरून गव्हाणीकडे वळताना ती काढून सीटमागे ठेवायची. दोन ट्रॉल्या असतील तर फळी मागच्या ट्रॉलीला हवीच. पुढच्या ट्रॉलीचा दिवा मागचीने झाकला जातो. ही फळी आमच्या तालुक्यातल्या एका ट्रॅक्टरवाल्याने केली आणि आम्ही ती उचलली. हंगामात एकदाही फुटली नाही.

सगळे झाले की एक पोर मागे उभे करा. लाल दिवा, ब्रेक, डावा, उजवा, एकेक करून पेटवा आणि मग सगळे एकदम पेटवा. हुकाजवळची वायर हलवून बघा. एकच दिवा लागत नसेल तर बल्ब नाही तर होल्डर बघा. सगळेच मंद असतील तर अर्थ. फ्यूज लावताक्षणी उडत असेल तर वायर कुठेतरी सोलून चासीला लागली आहे. ती सापडेपर्यंत दुसरा फ्यूज लावू नका. आणि रस्त्याला लागताना ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडले कडीने जोडली आहेत ना तेही बघा. एका चाकाचा ब्रेक रानात वळायला आहे, रस्त्यावर तो उलथवतो.

आंदोलनातली रात्र

हे सगळे एका माणसाचे एका दिवसाचे काम आहे. खर्च एका नव्या टायरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. पण आता आमच्या, म्हणजे चळवळीच्या, हिश्शाचे बोलतो.

यापुढे आम्ही जी ट्रॉली थांबवू तिची रात्र आमच्या जबाबदारीची. ट्रॉली डांबरावरून खाली, कडेला घ्यायची. रांगेच्या शेवटी दोन माणसे पाळीने बसतील. रांगेच्या मागे ५० मीटरवर लाल दिवा किंवा रिफ्लेक्टरचा त्रिकोण राहील. दगड नाहीत. आंदोलन संपते, ट्रॅक्टर जातात आणि दगड रस्त्यातच राहतात. मग पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला त्यावर पडतो. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

बॅटरीचाही हिशेब सांगतो, कारण 'रात्रभर दिवे ठेवले तर बॅटरी उतरेल' ही तक्रार आम्ही ऐकली आहे. दोन ट्रॉल्यांचे चार आणि ट्रॅक्टरचे पुढचे-मागचे मिळून चार असे ५ वॅटचे आठ दिवे, म्हणजे ४० वॅट, सव्वातीन अॅम्पिअरच्या आसपास. दहा तासांत तेहेतीसेक अॅम्पिअर-तास जातात. ७५ अॅम्पिअर-तासांची बॅटरी असेल तर जवळजवळ निम्मी रिकामी होते आणि जुनी बॅटरी सकाळी इंजिन फिरवणार नाही. तेव्हा फक्त शेवटच्या ट्रॉलीचे दिवे ठेवा, बाकीचे विझवा. मध्यरात्री एकदा अर्धा तास इंजिन चालवा. फळीवर एलईडी दिवे असतील तर ही काळजीच नाही. ज्या ट्रॅक्टरवाल्याची बॅटरी आमच्यामुळे उतरेल त्याचा ट्रॅक्टर ढकलायला आम्ही सगळे येऊ!

दिवा आधी, मागणी मागाहून नाही, बरोबरच

कुणी विचारील, हे कारखान्याने का करू नये? बरोबर आहे. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च आपल्याच बिलातून कापला जातो. ज्या वाहतुकीचे पैसे आपण देतो ती उजेडात व्हावी ही मागणी भीक नाही. तेव्हा कारखान्यांकडे आपण मागायचे ते असे. वाहतुकीच्या करारात दिव्याची फळी, सॉकेट आणि रिफ्लेक्टर यांचा खर्च वेगळा लिहा, आणि तो वाहतूकदाराच्या माथी मारू नका. हंगाम सुरू होण्याआधी कारखान्याच्या आवारात इलेक्ट्रिशियन बसवा, तिथे प्रत्येक ट्रॉली तपासून मिळू द्या. काट्यावरून रिकामी ट्रॉली बाहेर पडताना दिवा बघा. नसेल तर दंड न लावता तिथेच दुरुस्त करून द्या. नंबराला उभ्या राहणाऱ्या ट्रॉल्या रस्त्यावर न ठेवता आवारात घ्या. आणि बैलगाडीला विसरू नका. बीडहून आलेले नवरा-बायको पहाटे तीनला गाडी जुंपून निघतात, गाडीला बॅटरी नसते. तिच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि बैलांच्या शिंगांना चमकणारी पट्टी, एवढे तरी त्यांना कारखान्याने द्यायलाच हवे.

पण मागणी मान्य होईपर्यंत आपण अंधारात चालणार का? आपल्याला वर्षानुवर्षे शिकवले गेले की सरकार करील, कारखाना करील, साहेब करतील. चळवळीने काही शिकवले असेल तर ते हे की आपल्या घामाचा हिशेब आपण मांडायचा आणि आपले ओझे आपण उचलायचे. जो माणूस स्वतःच्या ट्रॉलीला दिवा लावून कारखान्याच्या दारात उभा राहतो, त्याच्या मागणीला वजन येते. ज्याच्या मागे अंधार आहे त्याला गेटवरचा शिपाईही दोन शब्द सुनावतो, आणि ते ऐकून घ्यावे लागतात.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही एक काम ठेवतो, ठराव नाही. ठराव खूप झाले. गळीत सुरू होण्याआधीच्या पंधरवड्यात प्रत्येक गावशाखेने एक दिवस ठरवावा. ज्यांच्याकडे ट्रॉल्या आहेत त्यांनी त्या शाळेच्या किंवा देवळाच्या पटांगणात आणाव्यात. गावातला मोटार बांधणारा, वायरमन, आयटीआय केलेली पोरे यांना बोलवावे. वायर आणि सॉकेट घाऊक आणले तर स्वस्त पडते. आम्ही येऊ. भाषण करणार नाही. टेस्ट लॅम्प घेऊन येऊ आणि ट्रॉलीखाली शिरू.

तो पोरगा आता कृत्रिम पाय लावून चालतो. गेल्या महिन्यात आमच्या गावच्या पटांगणात तो आला होता. ट्रॉलीमागे उभे राहून कोणता दिवा लागला आणि कोणता नाही हे ओरडून सांगायचे काम त्याने स्वतःहून घेतले. अकरा ट्रॉल्या झाल्या. वडील कट्ट्यावर बसून बघत होते. आमच्याशी फारसे बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "शेवटच्या ट्रॉलीचा डावा दिवा जरा मंद वाटतोय, बघा."

आम्ही बघितला. अर्थ ढिला होता. आवळला.

आता उसाच्या दराकडे वळू.